परसूचा डावा हात

६ सप्टेंबर १९९२, रविवार

गिटार काढली. जूनमध्ये धारवाडजवळ बेलूरला कारखान्याच्या मशिनीत माझ्या वाजवायच्या जोडीदाराचा, परसूचा डावा हात मनगटापासून गेला, तेव्हापासून शिवलो नव्हतो. दोन तारा गंजल्यात. बोटांचे घट्टे मऊ पडलेत.

आम्हाला गिटार शिकवणाऱ्या डिक्रूझ मास्तरांचा निरोप आला — नाताळात हुबळीला, रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये वाजवायचंच. ठरलं होतं दोघांचं. परसू कॉर्ड्स, म्हणजे तीन-चार सूर एकदम, धरणार, मी त्यावर मनानं एकेक सूर वाजवणार. आता परसू कलघटगीला सासरी पडून आहे. कुणाला भेटत नाही. मी दोनदा जाऊन दारातून परत आलो.

त्याची कॅसेट आहे. मे महिन्यात आमच्याच पुढच्या खोलीत भरली होती. मास्तरांची जॅझची ती अवघड चाल, नुसत्या कॉर्ड्स, पूर्ण एक बाजू. ‘टेलिफोन एक्स्चेंजमधून आलास की हे लाव आणि वाजव, मी असलो-नसलो तरी,’ म्हणाला होता.

लावली. पहिल्या कॉर्डलाच बंद केली.

८ सप्टेंबर

आज वाजवलं. जमत नाही. धारवाडात वाढलेल्या माणसाच्या कानात एकच सा पक्का बसलेला असतो, कितीही फिरा, परत तिथंच यायचं. ह्या चालीत सा दर दोन मात्रांनी उठतो आणि दुसरीकडे जाऊन बसतो. सी कॉर्डवरून थेट ए-फ्लॅट कॉर्डवर उडी आहे, तिथं मी दर वेळी जुन्याच घरात उभा. मास्तर सांगायचे, ‘कॉर्डच्या मागे धावू नको. ती पोचायच्या आधी तू तिथं जाऊन बस.’

उडीच्या आधी घसरलो. बोट तारेवरून सुटलं. पुन्हा धरेपर्यंत टेप पुढं जायला हवी होती. गेली नाही. परसू जी वर थांबून राहिला. मी तार धरली, मग पुढं निघाला.

कॅसेट मागं घेऊन ऐकली. कुठंही थांबत नाही. सरळ आहे.

९ सप्टेंबर

वाजवत होतो. आई आतून म्हणाली, ‘परसूला पण चहा ठेवू काय रे?’ मग एकच कप घेऊन बाहेर आली.

११ सप्टेंबर, शुक्रवार

हे कुणाला सांगणार? एक्स्चेंजमध्ये हसतील.

जी च्या जागी माझं बोट ए-फ्लॅटवर पडलं. कानाला टोचणारा सूर. आणि त्याच क्षणी खालची कॉर्ड बदलली. परसूनं जी धरलीच नाही, डी-फ्लॅट धरली. माझा चुकीचा सूर तिच्यात असा बसला की तिथंच असायला हवा होता. मेमध्ये त्याला ही कॉर्ड येतसुद्धा नव्हती.

टेप बंद केली. मागं घेतली. नुसती ऐकली — जी, सी, ए-फ्लॅट. नेहमीसारखी.

१२ सप्टेंबर

आज मुद्दाम चुकलो. तो आला मागोमाग. आणखी चुकलो. तरी आला. मग चुका राहिल्या नाहीत, मी जाईन तिथं जमीन. उडी पहिल्यांदा जमली, लक्षातही आलं नाही. इतका आनंद मला आयुष्यात झाला नसेल. आणि भीती. उद्या कलघटगीला जातो. ह्या वेळी दारातून परत येणार नाही.

१३ सप्टेंबर, रविवार

परसू सोप्यात बसला होता. डाव्या मनगटावर टॉवेल टाकलेला. वाळलाय. बायको यल्लव्वानं पाणी दिलं आणि दाराशीच उभी राहिली.

बराच वेळ पावसापाण्याचं. मग म्हणाला, ‘रोज वाजवाय लागलास न्हवं?’

‘कुणी सांगितलं?’

त्यानं टॉवेल बाजूला केला. ‘ही नसलेली बोटं दुखत्यात. चारी. तारांवर रुतल्यासारखी. मंगळवारी तू घसरलास. मला जी धरून बसावं लागलं. बोटं भरून आली.’

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

‘शुक्रवारी भलताच सूर घेतलास. मग डी-फ्लॅट धरली. बरी लागली की न्हाई?’

‘लागली,’ म्हणालो.

तो हसला. जूननंतर पहिल्यांदा असावा, कारण यल्लव्वानं चमकून बघितलं.

‘लई दुखतंय काय रे?’

‘लई,’ म्हणाला. टॉवेल पुन्हा ओढून घेतला.

यल्लव्वा स्टँडपर्यंत सोडायला आली. वाटेत म्हणाली, ‘अण्णा, ते काय असंल ते बंद करा. दिवा लावायच्या टायमाला ह्येंचं सुरू होतंय. घामानं भिजत्यात. तोंडात टॉवेल कोंबून बसत्यात, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून.’

तिचा हात धरून सांगितलं, बंद.

१४ सप्टेंबर

वाजवलं नाही. कॅसेट आईच्या ट्रंकेत, लुगड्यांखाली.

१६ सप्टेंबर

वाजवलं नाही. दिवेलागणीला केलगेरीच्या तळ्यापर्यंत चालत गेलो. घरी बसवत नाही. बोटं आपोआप मांडीवर फिरतात. ती उडी आता झोपेतही जमेल, पण तिच्याखाली कुणी नाही. मास्तरांना कळवायला हवं की नाताळात येत नाही.

खरं लिहितो. त्याला दुखतं हे कळल्यावर पहिली गोष्ट मनात आली ती — म्हणजे तो खरंच होता.

२० सप्टेंबर, रविवार

यल्लव्वा आली. एकटी, सकाळच्या गाडीनं. ह्येंचं दुखणं पार गेलं म्हणाली. बरं झालं, म्हणालो. ती बसेना. ‘आता डाव्या अंगाला बघतच न्हाईत. ताटाला शिवत न्हाईत. काल म्हणाले, यल्ली, आज हात गेला माझा.’ गिटारकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘वाजवा अण्णा. दुखू दे.’