जे आधी घडेल ते

नाशिक रोड, रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

गणपतीनंतर या वहीत एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दल माफी. वहीची मागावी की स्वतःची, हे ठरत नाही. कारण आळस नव्हे. मी तयारीत होते. कसल्या, ते खाली येईलच. आज मृत्युपत्र करायचं आहे. साध्या कागदावर चालतं म्हणतात, आणि घरात याहून साधा कागद नाही.

मी, योगिनी अमोल गायधनी, वय सेहेचाळीस, शिक्षण बी.कॉम., व्यवसाय नोकरी (इथे पेन अडलं, पण आजच्या तारखेला खरं आहे, म्हणून ठेवते), राहणार जेल रोड, नाशिक रोड, असं लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. नवऱ्याचं मत वेगळं आहे, पण तो डॉक्टर नाही. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. हे पुन्हा वाचलं तर खोटं वाटतं. सनीचा आहे. सनी माझा चुलत दीर. कॉलेज रोडला हॉल घेऊन तो ‘एआय येतंय, तुम्ही तयार आहात का?’ असं शिबिर भरवतो. त्याच्या सात पायऱ्यांपैकी मृत्युपत्र ही सातवी. आधीच्या सहांना पैसे पडले, ही फुकट आहे.

हे मृत्युपत्र, माझा मृत्यू किंवा माझी नोकरी जाणे, यांपैकी जे आधी घडेल ते घडल्यावर अंमलात यावे.

हे शब्द माझे नाहीत, माझ्या धंद्याचे आहेत. मी वीस वर्षं मेडिक्लेमचे दावे तपासते. तिथे दर दुसऱ्या कलमात ‘जे आधी घडेल ते’ असतं, आणि ते लिहिलं की कुठलीही गोष्ट पक्की वाटते.

कलम १. नोकरी. ही वारसांना देता येत नाही, कारण ती देऊन झाली. गेल्या मे महिन्यात ऑफिसात दावे तपासणारं नवं सॉफ्टवेअर आलं. त्याला शिकवायला मला बसवलं. संशयास्पद बिल कसं ओळखायचं, डिस्चार्ज कार्डावरची खाडाखोड कुठे बघायची, सगळं सांगितलं. ते चहा पीत नाही, त्यामुळे लवकर शिकलं. ते सुरू झालं त्या दिवशी केक आणला होता आणि सगळ्यांत ज्येष्ठ म्हणून सुरी माझ्या हातात दिली. मी कापला. टाळ्याही वाजवल्या. केक चांगला होता, हे प्रामाणिकपणे नोंदवते.

कलम २. माझी साहेब मनाली, वय एकोणतीस, हिने त्या दिवशी सगळ्यांसमोर म्हटलं, “मॅम, तुम्ही आमची लेगसी आहात.” माझ्या खुर्चीवरची उशी तिला द्यावी. लेगसी कुठे टेकते ते तिला कळेल.

कलम ३. तयारी, म्हणजे नोकरी गेली तर पोटासाठी जमवलेले धंदे. यात (अ) इडलीच्या पिठाचा ग्राइंडर, मोठा. (आ) मधमाश्यांच्या दोन पेट्या, माश्या सोडून गेलेल्या. (इ) घोटीला मावसभावाच्या गोठ्यात ठेवलेल्या दोन शेळ्या. शेळ्या तीन होत्या. तिसरीचं काय झालं, हे मावसभाऊ दर वेळी वेगळं सांगतो. मी त्याचा दावा प्रलंबित ठेवला आहे. पेट्या आणि शेळ्या अमोलला. ग्राइंडर आमच्या लंकाबाईंना, ज्या धुणंभांडी करतात आणि तो दर आठवड्याला पुसतात.

या कलमावरून आज दुपारी घोळ झाला. साक्षीदार म्हणून मी लंकाबाईंनाच हाक मारली होती. मग आठवलं, ज्याला काही मिळतं त्याने साक्षीची सही करू नये. तसं त्यांना सांगितलं.

“मग सही नाय करत ताई,” त्या म्हणाल्या. “ग्राइंडर द्या. आत्ता नेऊ का, का तुमची वाट बघायची?”

मी म्हटलं, न्या. इतक्या झटपट मी आयुष्यात एकही दावा मंजूर केला नव्हता.

कलम ४. वेदिका, माझी मुलगी. तिची बारावीची परीक्षा परवापासून. तिला मी आधी सीए हो म्हटलं, मग नर्स हो, आणि संक्रांतीला प्लंबिंगचा कोर्स दाखवला, कारण सनीच्या मते गळता नळ मशीनला बंद करता येत नाही. ती म्हणाली, “आई, आपल्याच बाथरूमचा नळ दिवाळीपासून गळतोय. आधी मशीनला एक संधी देऊन बघू.” तिला माझे सोन्याचे गोठ आणि तिची लाइन तिने निवडण्याचा अधिकार. दुसरी गोष्ट मुळात माझी नव्हती, त्यामुळे देता येते का, शंका आहे.

कलम ५. फ्लॅट. यातला माझा अर्धा हिस्सा. अमोलच्या अर्ध्यासकट तो विकावा आणि इगतपुरीच्या पुढे दीड एकर भाताची जमीन घ्यावी. अमोलच्या नावाचा सातबारा आहे, म्हणजे कागदोपत्री तो शेतकरी, म्हणून घेता येते. गिऱ्हाईक सनीने आणलं आहे. त्याच्या मते नोकरी जायची वाट बघू नये, म्हणून इसार उद्याच, अकरा वाजता. भात लावायला मशीनला गुडघे नाहीत, असं सनी म्हणतो. मला आहेत, आणि दोन्ही दुखतात.

इथपर्यंत लिहून संध्याकाळी घरात वाचून दाखवलं. अमोलचं पंचवटीत पूजेच्या सामानाचं दुकान आहे. दर्भ, काळे तीळ, दहाव्या-तेराव्याचं सगळं. आमच्या घरातला एआयपासून सुरक्षित असा तो एकच धंदा, आणि त्यात उत्पन्न तेवढं नाही. तो म्हणाला, “थांब जरा. म्हणजे मंगळवारी तुझी नोकरी गेली, तर बुधवारी तू जिवंत असताना आम्ही तुझे गोठ वाटून घ्यायचे?”

“तांत्रिकदृष्ट्या हो.”

“आणि तू कुठे बसणार?”

मी समासात ‘बसण्याची सोय: प्रलंबित’ असं लिहून घेतलं.

सासूबाई, म्हणजे वत्सलाबाई, वय शहात्तर, मटार सोलत होत्या. म्हणाल्या, “नोकरी मेली तर दहाव्याला कावळा कशाला शिवायचा गं? तुझ्या जेवणाच्या डब्याला?”

वेदिका इतकी हसली की तिला ठसका लागला. मीही हसले. सासूबाई हसल्या नाहीत. शेवटची शेंग सोलून त्यांनी विचारलं, “तिथं शेतावर माझी खाट मावेल ना? नाही तर मला सनीकडे ठेवा. मी खाली झोपेन.”

एवढंच म्हणाल्या आणि मटारची टरफलं घेऊन आत गेल्या.

सासरे गेले तेव्हा रामकुंडावर कावळा शिवत नव्हता. सगळे हात जोडून पिंडाकडे बघत उभे. अमोल म्हणाला, दुकान चालवीन. सनी म्हणाला, काका, तुमची स्कूटर विकणार नाही. झाडावरचे कावळे हलेनात. मग मी म्हटलं, “आईंना जेल रोडच्या घरातून कधी हलवणार नाही.” पहिला कावळा तेव्हा उतरला.

गेल्या महिन्यात मी हा शब्द माझ्या पद्धतीने तपासला होता. लेखी पुरावा नाही, दावेदार हयात नाही, साक्षीदार पक्षी. नामंजूर. शेरा मारल्यावर मला शांत झोप लागली होती. त्या शांत झोपेचीच आता भीती वाटते. त्या सॉफ्टवेअरला मी हेच शिकवलं आहे, आणि ते माझ्यापेक्षा जलद नामंजूर करतं.

म्हणून कलम ५ रद्द. खोडलं आहे, खोडलेल्याच्या बाजूला सही केली आहे. माझा अर्धा हिस्सा अमोलला, अशा अटीवर की वत्सलाबाईंची खाट खिडकीपाशी आहे तिथेच राहील, कोणाचीही नोकरी राहो वा जावो. वरचे ‘किंवा माझी नोकरी जाणे, यांपैकी जे आधी घडेल ते’ हेही शब्द खोडले. नोकरी जाईल. बहुधा उन्हाळ्यात. तेव्हा फ्लॅटच्या कर्जाचे हप्ते कसे भरायचे याचं उत्तर या कागदात नाही, आणि ते आहे असं मी भासवू नये. पण त्या दिवशी मी मेलेली नसेन. गोठ माझ्या हातात असतील आणि गरज पडली तर मी ते स्वतः मोडीन.

कलम ६. सनीला त्याच्याच शिबिरांची सहा प्रमाणपत्रं, फ्रेमसकट.

वरील मजकूर मीच लिहिला, मीच खोडला, आणि दोन्ही वेळा शुद्धीत होते.

सही: योगिनी अमोल गायधनी

आमच्यासमोर सही केली:
१. सविता बोराडे, शेजारी (त्यांना काहीही मिळत नाही, दोनदा विचारून खात्री केली)
२. यादव, सोसायटीचे वॉचमन (म्हणाले, “मॅडम, तब्येत ठीक आहे ना?”)

स्थळ: नाशिक रोड. तारीख वर दिल्याप्रमाणे.

उद्या: अकराच्या आधी सनीला फोन करून इसाराला नाही म्हणणे.