अंगाबेताचं बुजगावणं

आदरणीय व्याहीबुवा यांस,

दोन्ही हात जोडून आणि कंबर जेवढी वाकू देते तेवढं वाकून नमस्कार. विहीणबाईंनाही माझा नमस्कार सांगा, फक्त त्यांचा रागरंग बघून सांगा. इकडे सगळे खुशाल आहेत. तुमची लेक, म्हणजे आमची सूनबाई, ठणठणीत आहे. तुमचे जावई दिवसभर कारखान्यात असतात आणि घरी आले तरी निम्मे कारखान्यातच असतात. माझे गुडघे अधूनमधून बोलतात, मी ऐकत नाही. तुमची प्रकृती कशी आहे? विशेषतः पोटाचा घेर कसा आहे? मागच्या भेटीत तुम्ही रोज फिरायला जायचं ठरवलं होतं; त्याचा कमरेपाशी काही उजेड पडला असला तर सविस्तर कळवा. (सहज विचारतोय. शिंप्याला माणसाच्या तोंडाआधी त्याची कंबर दिसते, राग मानू नका.) छापखान्यातला तुमचा निरोप समारंभ जवळ आला असेल. भाषण पाठ झालं का? पोशाखाची काळजी करू नका. म्हणजे, फार करू नका.

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला याला कारण कबुतरं. हसू नका. तुम्हाला ठाऊकच आहे, आमच्या व्हरांड्यात सूनबाईचा मुलांचा चित्रकलेचा वर्ग चालतो. दुपार कलली की शाळा सुटलेली पोरं दप्तरं आपटत येतात, सतरंजीवर फतकल मारतात आणि मग जो काही कलकलाट सुरू होतो तो विचारू नका. त्यांच्या पेन्सिलींना टोक काढायचं काम माझ्याकडे आहे. (ते मला कुणी दिलेलं नाही, मीच बळकावलंय.) तर यंदा व्हरांड्याला नवा रंग दिला, आणि रंग वाळतो न वाळतो तोच वरच्या तुळयांवर कबुतरांनी बिऱ्हाड थाटलं. त्यांना नवा रंग एवढा आवडावा याचा आधी मला अभिमानच वाटला. पण मग ती वरून आपली मतं खाली टाकू लागली. सतरंजीवर पडली, रंगाच्या वाट्यांत पडली. एका पोराने मन लावून सूर्य काढला होता, त्याच्या बरोबर मधोमध पडलं. पोरगं म्हणालं, "ढग आला." आपण त्याच्या समजूतदारपणाचं कौतुक करायचं, पण त्याची आई समजूतदार निघाली नाही. दुसऱ्या एका आईने तर लेकीच्या वेणीत प्रसाद पडल्यावर तिला वर्गातून काढूनच नेलं.

त्या दिवशी सूनबाई रंगाच्या वाट्या विसळताना शांतपणे म्हणाली, "बाबा, हे असंच चाललं तर महिनाअखेर वर्ग औषधांच्या दुकानावरच्या खोलीत न्यावा लागेल. खोली चांगली आहे, मी विचारून ठेवलंय." मी म्हटलं, "ने की, त्यात काय!" आणि आत येऊन मशीनवर बसलो, तर सुईत दोरा काही केल्या जाईना. व्याहीबुवा, तुम्हाला म्हणून सांगतो. मशीन आता नावाला उरलंय, गिऱ्हाईक तयार कपडे घेतं. सकाळी घर रिकामं होतं ते दुपारी त्या पोरांनी भरतं. ती तिकडे गेली की मी आणि भिंतीवरचं घड्याळ, दोघांनी एकमेकांकडे बघत बसायचं. तेव्हा मी मनाशी ठरवलं, वर्ग जाणार नाही, कबुतरं जातील.

पहिल्यांदा मी तुमच्या जावयांच्या खणातल्या जुन्या सीड्या दोऱ्याने टांगल्या. त्यांच्या चकाकण्याने पाखरं बुजतात असं कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. आमच्या कबुतरांनी ते मासिक वाचलेलं नसावं. एक ऐटबाज कबुतर सीडीपुढे येऊन मान फुगवून स्वतःला न्याहाळू लागलं, मग त्याने बायकोला बोलावून आणलं. त्यानंतर मी बाजारातून प्लास्टिकचं घुबड आणलं. पहिला दिवस जरा दबदब्यात गेला, दुसऱ्या दिवशी घुबडाच्या डोक्यावर दोन कबुतरं बसलेली. मग कठड्यावर रबरी साप ठेवला. तो मात्र लागू पडला, पण पोस्टमनला. त्याने फाटकापाशीच अशी काही किंकाळी फोडली की शेजारचे घड्याळजी (घड्याळं दुरुस्त करतात म्हणून घड्याळजी) भिंग डोळ्यालाच ठेवून धावत आले. तेव्हापासून पोस्टमन आमची पत्रं फाटकाच्या दांडीत खोचून जातो. तुमचं पत्र मला उशिरा आणि ओलं मिळालं त्याचं हे कारण. शाई पसरली होती, पण विहीणबाईंनी कोटाची चौकशी केली आहे एवढं वाचता आलं. त्या विषयाकडे येतोच.

आणि घड्याळजींचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. रोज कठड्याला रेलून विचारायचे, "काय मास्तर, पाहुणे जेवून गेले का?" मी म्हणायचो, "तुमच्याकडे पाठवू का?" तर म्हणायचे, "आमच्याकडे नाही हो येत. त्याचं काय आहे, आमच्या घरी शिस्त असते." हे शेवटचं वाक्य मला फार लागलं.

तेव्हा मी बुजगावणं करायला घेतलं. दोन काठ्या बांधल्या, जुन्या उशीतला कापूस भरून धड केलं, कापडाचं डोकं शिवलं, पोरांकडून त्यावर डोळे आणि मिशा काढून घेतल्या. (पोरांचं एकमत न झाल्यामुळे मिशा दोन जोड आहेत.) अंगात घालायला एक कोट हाताशी होता, तो चढवला. एका दिवसापुरता, बरं का. आता इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण मी दोन पावलं मागे सरून बघितलं आणि घोटाळा झाला. कोटाचे खांदे खाली पडत होते. पाठीत झोळ येत होता. बाह्या बोटांच्या खाली, म्हणजे बोटं असती तर बोटांच्या खाली, लोंबत होत्या. रस्त्यावरचा येणारा-जाणारा बघणार, आणि घर कुणाचं तर शिंप्याचं! शाळेत मी फार टिकलो नाही, दुसऱ्यांचे कपडे उसवून उसवून शिवण शिकलो. पण ढगळ कोट माझ्या दारातून आजवर बाहेर पडलेला नाही. मी टेप काढला आणि बुजगावण्याचं माप घेतलं.

मग काय, हात सुरू झाला की थांबतोय कुठे! खांदे उसवून आत घेतले, पाठीत दोन चिमटे घातले, बाह्या आखूड करून तुरपाई केली. कच्ची शिलाई घालून एकदा फिटिंग बघितलं, परत उसवलं. गिऱ्हाईक इतकं गुणी की तासन्‌तास उभं राहिलं तरी हूं की चूं नाही, आणि "काल देतो म्हणाला होतात" असंही म्हणालं नाही. वरचा खिसा जरा ढिला वाटला म्हणून त्याला मऊ अस्तर लावून तोंड व्यवस्थित उभं राहील असं केलं. शेवटी इस्त्री फिरवली. सूनबाई बाहेर आली, बघतच राहिली.

"बाबा, तुम्ही बुजगावणं शिवलंत की नवरदेव?"

"खांदा पडत होता गं," मी म्हटलं.

ती तोंडावर पदर धरून आत पळाली. आतून बराच वेळ हसण्याचा आवाज येत होता. एवढं हसण्यासारखं त्यात काय होतं, ते मला त्या वेळी कळलं नाही.

कोट एवढा बेतशीर बसला होता की पोस्टमन पुन्हा आत यायला लागला आणि त्याने नोंदणी पत्रावर बुजगावण्याची सही मागितली. घड्याळजींनी बुजगावण्याला दोनदा "कसं काय, बरं आहे ना?" म्हणून विचारलं आणि उत्तर मिळालं नाही म्हणून मलाच शिष्ट ठरवलं. फक्त कबुतरांनी त्याला ओळखलं. बुजगावण्याचा कपडा कसा हवा? फाटका, ढगळ, वाऱ्याने फडफडणारा. हे मला आता सुचतंय. माझ्या कोटाची एक कडा हलली असती तर शपथ! कबुतरं त्याच्या दोन्ही खांद्यांवर बसू लागली. खांदे होतेच तसे, सपाट, एका रेषेत.

महिनाअखेर आली. सूनबाई खोलीची किल्ली आणायला गेली. जाताना म्हणाली, "पोरं आली तर बसवून ठेवा." मी बरं म्हटलं आणि पेन्सिलींना टोकं काढत बसलो. टोकं होतीच, तरी काढत बसलो. पोरं आली, आणि काय सांगू, आवाज नाही! मला वाटलं यांनाही बातमी लागली, म्हणून गप्प आहेत. वर बघतो तर सगळी कोटाभोवती माना उंच करून उभी. वरच्या खिशातून गवताच्या काड्या बाहेर आलेल्या, आणि चिमणी आत बसलेली. चिमणा कॉलरवर पहारा देत होता. मऊ अस्तर, उभं तोंड, वर कॉलरचा आडोसा. व्याहीबुवा, एवढ्या सोयीचा खिसा मी माणसासाठी कधी शिवला नसेन. चिमणी जरा उडाली तशी मी एकेकाला उचलून आत दाखवलं. अंडी होती.

मग कुणी न सांगता कागद निघाले. पोरं कुजबुजत, एकमेकांना "हळू रे, ढकलू नको" करत चित्रं काढू लागली. ती वेणीवाली पोरगी आईबरोबर रस्त्याने चालली होती, ती थांबली. कठड्यापाशी आली. मग आत आली. आई तिला ओढायला म्हणून मागून आली आणि तीही थांबली. थोड्या वेळाने त्या आईचाच आवाज ऐकू आला, "अगं, काळी कर ती चोच, पिवळी काय करतेस? नीट बघ की!"

सूनबाई किल्ली हातात घेऊन परत आली ती हे सगळं पायरीवरून बघत उभी राहिली. मग माझ्याजवळ बसून म्हणाली, "बाबा, कबुतरं बसतात कुठे?"

"तुळयांवर."

"तुळया झाकता येत नाहीत का? खालून कापडाचं छत ताणलं तर? तुम्ही शिंपी आहात ना?"

"हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही बाह्या लावत होतात."

घरातले जुने पडदे जोडून मी छत शिवलं. अगदी ताठ, एक सुरकुती नाही. बसायला जागाच उरली नाही तशी कबुतरं दोन दिवस गुरगुरली आणि घड्याळजींकडे राहायला गेली. काल मीच कठड्याला रेलून विचारलं, "काय हो, शिस्त कशी आहे?" त्यांनी भिंग डोळ्याला लावून मान खाली घातली. सूनबाईने किल्ली परत केली. वर्ग इथेच आहे, वेणीवालीही येते, आणि हे लिहीत असताना बाहेर इतका गोंगाट चालला आहे की मला माझंच अक्षर ऐकू येत नाही.

बाकी सर्व क्षेम. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि तुमच्या कमरेला माझी विशेष आठवण.

आपला,
गळ्यात टेप असलेला व्याही

ता. क. : वर ज्या कोटाचा उल्लेख आला आहे तो तुमचा. निरोप समारंभासाठी कमरेत सैल करायला म्हणून तुम्ही माझ्या खुंटीवर ठेवून गेला होतात तोच. सैल करायचा होता, तो मी बुजगावण्याच्या अंगाबेताने आवळला आहे. पुन्हा उसवता आला असता, पण खिशातल्या अंड्यांतून आता पिल्लं निघाली आहेत, आणि कोट हलवला तर आधी चिमण्या जातील आणि मग पोरं. तेव्हा हात जोडून मागणं एवढंच, की कोट पिल्लं उडेपर्यंत राहू द्यावा. समारंभासाठी मी नवा शिवून देतो. सुतळीने कमरेचं माप घेऊन सुतळीच पाकिटात पाठवा. माप घेताना श्वास रोखू नका.

आणखी एक ता. क. : हे विहीणबाईंना इतक्यात सांगू नका. कापड त्यांच्या पसंतीचं होतं, हे माझ्या ध्यानात आहे.

शेवटचा ता. क. : सूनबाईने पाकीट चिकटवायला घेतलं आणि पत्र वाचून काढलं. तिचं म्हणणं, तुम्हाला तो कोट मुळीच आवडत नव्हता. कॉलर टोचते, रंग अंगावर येतो, आणि विहीणबाईंपुढे बोलायची सोय नाही म्हणून तुम्ही तो इथे ठेवून गेलात, वर तिच्या कानात "तुझ्या सासऱ्यांना म्हणावं, घाई नको" असंही सांगितलंत. शाब्बास! इकडे मी हात जोडून ता. क. वर ता. क. लिहितोय, आणि तुम्ही तिकडे कोट सुटला म्हणून खुशीत! तिने कोट पहिल्याच दिवशी ओळखला होता. मग बोलली का नाहीस विचारलं, तर म्हणाली, "त्या कोटात बुजगावणं अगदी माझ्या बाबांसारखं दिसत होतं. माहेरचं माणूस दारात उभं आहे असं वाटायचं." तेव्हा विहीणबाईंना आता खुशाल सांगा, आणि सगळा दोष माझ्यावर घाला. मी लांब आहे, सोसेन. सुतळी मात्र पाठवाच. या वेळी कापड तुम्ही निवडा. आणि वरचा खिसा ठेवायचा की नाही, ते नीट विचार करून कळवा.