भरलेला ग्लास

गोथेनबर्ग, ९ नोव्हेंबर १९५८

प्रिय हेडविग,

मी बरा आहे. इथे पाऊस, म्हणजे नेहमीचंच. आत्याबाईंचा खोकला थांबला असेल. तुझ्या बाबांच्या कचेरीतलं सामान चार पेट्यांत भरलं. दीपगृहाचा तो पितळी नमुना वर्तमानपत्रात गुंडाळून वेगळा पाठवलाय. लिस्बनपासून कराचीपर्यंतच्या बंदरांना ज्यांनी चाळीस वर्षं दिवे विकले, त्यांच्या टेबलावरचा दिवा मात्र बिघडलेला निघाला.

तुझी चिठ्ठी पोचली. ‘श्रीयुत टोरेल यांस’, आणि खाली चार ओळी. बाबा असते तर त्यांच्याशी भांडून लग्न केलं असतं, गेलेल्या माणसाशी कशी भांडू, असं लिहिलंयस. मी चिठ्ठी फाडली, मग डिंकाने चिकटवली. माझा स्वभाव तुला नवा नाही. तुझ्यापायी उप्सालाचं कॉलेज सोडलं तेही असंच, एका सकाळी.

दफनाच्या दिवशी तू विचारलंस, शेवटच्या प्रवासात ते आपल्याबद्दल काही बोलले का. मी नाही म्हणालो.

खोटं बोललो.

हॅम्बुर्गला बंदराच्या साहेबाने त्यांना दहा मिनिटंसुद्धा दिली नाहीत. आता जहाजं रडारवर चालतात, बॅरन, म्हणाला. त्यांनी शांतपणे मान लववली. मग निघता निघता माझी ओळख करून दिली: हे श्रीयुत टोरेल, माझे सेक्रेटरी, शिक्षण अर्धवट सोडून आलेत. साहेब हसला. माझं डोकं फिरलं.

दुपारी जेवायला बसलो. हेरिंग मासे, उकडलेले बटाटे. दोघांचे ग्लास त्यांनी स्वतः भरले. वर्षभर ते माझ्या तोंडावर विचारायचे, श्रीयुत टोरेल यांनी छत्री आणली का, जणू टोरेल नावाचा कुणी माझ्या पाठीमागे उभा आहे. त्यांचं अरे-तुरे फक्त देवाशी, तुझ्याशी आणि घोडीशी. त्या दुपारी मात्र ते उठून उभे राहिले, ‘श्रीयुत’ सोडून ‘तू’वर येताना आपल्याकडे उचलतात तसा ग्लास उचलला.

“माझं नाव अर्विद,” म्हणाले. “हेडविगच्या माणसाने मला तू म्हणावं.”

मी नुसतं उठायचं होतं, माझं नाव सांगायचं होतं आणि त्यांच्याबरोबर प्यायचं होतं. मी बसून राहिलो.

“बॅरनसाहेबांची कृपा,” मी म्हणालो. “पण शिक्षण अर्धवट सोडलेल्याला एवढी सलगी झेपायची नाही.”

ते थोडा वेळ तसेच उभे होते. शेजारच्या टेबलावरची माणसं बघायला लागली. मग एकट्यानेच प्यायले, बसले, ओठ टिपले.

“श्रीयुत टोरेल यांना बटाटे हवेत का?”

चौथ्या दिवशी ते गेले. तीन दिवस होते माझ्याकडे, हेडविग. रोज सकाळी ठरवायचो, आज म्हणू. रोज ते छत्रीचं विचारायचे.

संमती होती. मी ती टेबलावर, भरलेल्या ग्लासात तशीच ठेवून आलो. आता तू माझ्याकडे येशील की कायमची जाशील, मला कळत नाही. पण त्यांच्यावरचा ठपका तरी उतरू दे.

उत्तर दिलंस तर मी आधी पहिला शब्द बघेन. तो ‘श्रीयुत’ असला तर पुढचं वाचणार नाही.

नाही, वाचेन.

अर्विदला ‘तू’ म्हणायला उशीर झालेला,
सिक्स्टन