नातीची सुई

धाकटे, तुला थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद. गुडघे सोडले तर मी ठीक. तुझी तब्येत विचारत नाही, कारण तू नेहमी 'झकास' एवढंच कळवतेस.

पत्रास कारण, आपली नात रक्ताच्या कॅन्सरची डॉक्टर झाली. (डॉक्टर आधीच होती, मग नुसतं रक्त शिकली, आता त्यातला कॅन्सरच तेवढा. आणखी शिकली तर एक थेंब उरेल, असं तिचा बाप म्हणतो.) शिकताना टोचायला तिला माझाच हात सापडला. पहिल्यांदा शीर निसटली, दुसऱ्यांदा तीच रडली. मी म्हटलं, रडून झालं की टोच. आता हात इतका हलका झालाय की मला कळतही नाही, तरी सवयीनं मी 'आई गं' म्हणून घेते. सध्या संशोधन चाललंय. नवं औषध ती आधी पांढऱ्या उंदरांना देऊन बघते. घरात मी उंदराला पिंजरा लावला तर बाईसाहेब अशा बघतात, जणू मी त्यांचा पेशंटच पळवला.

परवा मी शेंगा सोलत होते, तेव्हा तिनं सगळं समजावलं. रक्त म्हणे हाडांच्या पोकळीत तयार होतं. (आपण जन्मभर काळजाला मान देत बसलो.) या रोगात तिथे कच्च्या पेशी बेसुमार वाढतात, कामाला शून्य, नि जागा अडवून बसतात, माझ्या मधल्या दिरासारख्या. मग रक्त थांबवणाऱ्या पेशी कमी पडतात आणि कुठे न आपटताही अंगावर निळे डाग उठतात. माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. पण डाग म्हणजे कॅन्सरच असं नाही, साधी कारणंही पुष्कळ असतात, आधी रक्त तपासायचं, असंही ती म्हणाली. औषधंही आता चांगली निघालीत. तिची एक पेशंट, शिवणकाम करणारी, बरी होऊन जाताना हिच्या कोटाची तुटकी गुंडी लावून गेली.

बाकी क्षेम. दाजींना नमस्कार.

ता. क. पोरीला अभ्यासासाठी म्हाताऱ्या शिरा हव्यात. माझ्या वापरून झाल्या. तेव्हा तू ये.

आणखी ता. क. वरचं खोटं आहे. स्वतःसाठी तू दवाखान्याची पायरी चढणार नाहीस, नातीसाठी चढशील, म्हणून लिहिलं. गेल्या खेपेला एवढ्या उकाड्यात लांब बाह्या घालून बसली होतीस. हात धुताना बाह्या वर गेल्या, निळे डाग दिसले, तर म्हणालीस, दार लागलं. धाकटे, दार दोन्ही हातांना एकदम लागत नाही. पोरीला सांगितलंय. ती म्हणाली, आजी, लगेच बोलव. पत्र घेऊन आलेला माझा लेक चहाला आलेला नाही, तुला घेऊनच निघायचं असं बजावलंय.

शेवटचं. येताना अर्ध्या बाह्यांचं घाल. मी शेजारीच बसेन. तुझ्या वाटचं 'आई गं' मीच म्हणेन.