आडवी फांदी

आयतवार, फागुन लागला

रातभर झोप नाई. कालही नाई. डोळे मिटले का ते फांदी दिसते. जनामावशी अजून घरी आली नाई, आन काऊन आली नाई ते एकटीले मलेच माईत आहे. फांदी मी उचलली.

लिवून टाकतो. माह्या भावानं, महादेवदादानं वही दिली तवा मनला होता, रोज दोन ओळी लिवत जाय सेवंते, नाई त अक्षर इसरशीन. आज दोन ओळीत नाई होत.

बेस्तरवारी आमी गावातले लोक नदीच्या वाटेनं मार्कंड्याच्या यात्रेले निघालो, शिवरातीले. सोनीचा नवस होता. कोमा मडावी पुढं, वाट दाखवाले. निघतानीच सांगतलं त्यानं, जिथी वाटा फुटतीन तिथी चुकीच्या वाटेवर मी हिरवी फांदी आडवी टाकीन. फांदी दिसली का तिकडं जायाचं नाई. अन सगळ्यात मागचा मानूस येईपर्यंत कोनी हात लावाचा नाई. ते मी आयकलं. सोनीले कडेवर घेऊन उभी होती, सगळं आयकलं.

सगळ्यात मागं जनामावशी, आमच्या गावची सुईन. तिले आता धुरकट दिसते. मी मनली, मावशी हात धरतो तुहा.

"सोड व! डोळे आळशी झाले, हातातली काडी नाई झाली. काडीले फांदी अडली का समजते मले. तू पोट्टी पाय."

सोनी पोटात आडवी होती. मावशीनंच सोडवली. नाई त आमी दोघी बी नसतो.

गोंडराजाची पायऱ्याची विहीर लागली. पुढं लढाईत मेलेल्याईचे कोरीव गोटे, वाटेच्या कडंनं उभे. मावशी एकेकाले हात लावत, बोलत चालली होती. "हा घोड्यावर आहे व, याले तलवार आहे." मनून मागं राह्यली.

पडक्या किल्ल्यापाशी मी सोनीले पाजाले बसली, भितीच्या आड. लोक पुढं गेले. उठली त ऊन असं का. पुढं सारी रेती, झाड नाई. सोनीचं तोंड लालबुंद. तिथीच एक वाट मार्कंड्याले जाते, एक खाली डोहाकडं उतरते. डोहाच्या वाटेवर जांभळीची फांदी आडवी. हिरवीगार.

उचलली. सोनीच्या डोक्यावर धरली. मनलं मीच शेवटची.

खरं लिवतो. थोडी पुढं गेल्यावर मावशी आठोली. थांबली बी. पन पुढचे लोक दिसेनासे होऊन राह्यले होते, वाघाचं भेव, कडेवर लेकरू. मनलं येईन ते आमच्या आवाजानं. माघारी नाई गेली.

मार्कंड्यात त्या फांदीचा पाला एका बकरीनं खाल्ला. मीच धरला तिच्या तोंडापुढं.

मावशी तिथी आली नाई, शनवारी आमी परतलो तवा घरी बी नाई. सगळे मनाले लागले, मधातल्या गावात सोयऱ्याकडं राह्यली असन. मी बी मनली. असन.


सोमवार

भाकर उतरत नाई. सासू मनते, "काय व, दुसऱ्यांदा दिवस गेले का? येऊ दे जनीले, हात लावून सांगन ते."

मी चुलीत फुकत राह्यली. धुरानं डोळ्यात पानी येते, कोनी इचारत नाई.

दुपारी पाटलाच्या आंगनात बोलावलं सगळ्याईले. यात्रेत पाह्यलं, बंडीच्या रस्त्यानं येतानी पाह्यलं, मावशी नाई. डोहाकडं कोनी गेलंच नाई. फांदी होती मंग बुढी तिकडं जाईनच काऊन, असं सगळ्याईचं मननं.

पाटील कोमाले मनला, "टाकली होती का बे फांदी? का मव्हाची घेऊन झुलत होता?"

"टाकली. जांभळीची. जाऊन पाहा ना, सुकलेली पडली असन तिथीच. नसन त का वाघानं खाल्ली मनू?"

लोक हासले. मंग कोमा माह्याकडं वळला. "बाई, तुमी मागं होत्या. तुमी त पाह्यली ना फांदी?"

सगळे माह्याकडं पाहून राह्यले. सोनीनं माहा पदर तोंडात धरला होता. मी मनली, "मले ध्यान नाई."

एवढंच मनली. ध्यान नाई. त्यानं मान खाली घातली. मी घरी आली अन सोनीचं तोंड धुतलं. परत धुतलं.


सोमवार, सांज

सांगतलं. सोनीच्या बाबाले. ते जाळं शिवत बसले होते. सगळं सांगतलं, बकरीचं बी.

सुतळी दातानं तोडली. मंग मनले, "आनिक कोनाले सांगतलं?"

"नाई."

"मंग नको सांगू. गाव जगू देईन का आपल्याले? बुढी तुह्या मायवानी होती मनतेत सारे."

मी मनली, डोहाकडं त पाहाले जा. कोनाले घेऊन जा. अजून जित्ती असन.

"इतक्या दिवसाची? मेल्याले वाट नाई लागत." मंग हळूच मनले, "तोंड उघडलं त तू भावाकडं जाशीन. पोट्टी माह्या मायजवळ राहीन. इचार कर."

रागानं नाई बोलले. तेच जास्त लागलं.


मंगळवार

पाटलाचे लोक किल्ल्यापर्यंत जाऊन आले. फांदी नाई. मंग खाली डोहाकडं उतरले. मावशीची काडी भेटली. काठाच्या रेतीत उभी खुपसलेली. मावशी नाई. लुगडं नाई, गाठोडं नाई.

कोनी मनते बुडाली. सासू मनते बुडनारी बाई काडी उभी करून जाते का. पल्याडचे ढीवर डोंगा घेऊन मासे धराले येतेत, त्याईनं पल्याड नेली असन, असं बी कोनी मनलं. पन पल्याड जाऊन इचारनारं कोनी नाई, कारन सारे कोमाले पकडाले धावले.

काडी पाटलाच्या ओट्यावर ठेवली आहे. मूठ घासून गुळगुळीत झालेली. पानी भराले गेली तवा दिसली. घागर अर्धीच भरून आली.

शनवारीच बोलली असती त. आयतवारी बी. सोमवारी त कोमानं हात जोडल्यावानी इचारलं.

कोमाले खांबाले बांधून ठेवलं. मारलं बी मनतेत. उद्या सकाळी जेवनं झाल्यावर ठान्यात नेनार. त्याची बायको आंगनाच्या बाहेर बसून आहे. माह्याकडं पाह्यलं तिनं. बोलली असती त बरं होतं.


बुधवार, सकाळी

सोनीचे बाबा नदीवर गेले. सासू धान वाळू घालून राह्यली.

मी सोनीले पाठीशी बांधलं. तिले ठेवून गेली त परत भेटन का नाई, मनून संगं नेतो. आधी पाटलाच्या आंगनात जातो. कोमाले नेऊन राह्यले असतीन. सगळ्याईसमोर सांगन. तोंड उघडन का नाई, देव जाने. सोमवारी बी वाटलं होतं उघडन.

उघडलं नाई त तशीच किल्ल्याकडं जाईन, डोहावर उतरीन, पल्याडच्या ढीवराईले हाका मारीन. जिथी वळीन तिथी फांदी टाकत जाईन. आडवी नाई, वाटेसंगं उभी. मी इकडून गेली मनून.

वही तांदळाच्या मडक्यावर ठेवतो. सयपाकाले हात घातला का सासूले भेटन. तिले वाचता येत नाई, ते कोनाले तरी दाखवन.

जो वाचन त्याले माहं सांगनं. माह्या भावाले फोन करा. चामोर्शीहून लागते मनतेत. महादेवदादा आलापल्लीले आरागिरनीत आहे, तिथल्या लाकडाच्या डेपोत फोन आहे. सेवंताचा भाऊ मना, बोलावतीन. त्याले मना आमाले न्याले बंडी घेऊन ये, अन फांदी तुह्या बहिनीनं उचलली, कोमानं टाकली होती.

करवतीच्या आवाजानं त्याले कमी आयकू येते. हळू बोलसान त ‘काय? काय?’ करत बसन. मनून मोठ्यानं सांगा. आजूबाजूचे आयकतीन त आयकू द्या.