झग्याच्या खिशातला कांदा

प्रिय मिससाहेब,

हे पत्र कोणत्या पेटीत टाकायचं ते मला माहीत नाही, तरी लिहायला बसले आहे. काल चर्चच्या पाळकसाहेबांनी तुमची खोली रिकामी करायला सांगितली. बंगल्यावर नवीन नर्सबाई राहायला येणार आहेत. तुमची ट्रंक मी एकटीनेच उघडली. तळाशी तुमचा राखाडी झगा निघाला, त्या दिवशीचा. पाळकबाईंनी तो न धुताच गुंडाळून ठेवला होता. त्याच्या खिशात जे सापडलं, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आधी एक तक्रार करते. तुम्ही कुणाचं ऐकलंत कधी? एक्कावन्न उन्हाळे इथे काढले, पण पांढरकवड्याच्या उन्हाशी तुमचं कधी जमलं नाही. अंगभर घामोळ्या, तोंड लालबुंद, दारावर ओली चादर, डोक्यावर ओला पंचा. तुमच्या बहिणीने धाडलेलं बर्फाच्या चित्रांचं कॅलेंडर तुम्ही मे महिन्यात भिंतीकडे तोंड करून लावायच्या. मी विचारलं तर म्हणायच्या, "मले चिडवून राह्यलं ते." काय हसायचो आपण!

आणि तुमची ती वऱ्हाडी! उच्चार तुमच्या देशाचे आणि बोली आमच्या तांड्यावरच्या बायांची. मला मात्र पाटीवर शुद्ध मराठी गिरवायला लावायच्या. एक वेलांटी चुकली की पूर्ण ओळ पुन्हा. आज या पत्रात चुका असतील तर खुशाल लाल पेन्सिल घ्या, मी रागावणार नाही.

पहाटे तुमची प्रार्थना, मग दवाखान्यात जखमा धुणं, मग ज्वारीची आंबील पिऊन पायी फिरती. तुम्ही पुढे औषधांची पिशवी घेऊन, मी मागे पाण्याची कॅन घेऊन. वीस वर्षं हेच चाललं. निघताना मी तुमच्या खिशात कांदा घालायची, ऊन लागू नये म्हणून. शिकलेल्या नर्स तुम्ही, तुमचा कुठला विश्वास बसायला! "वास येते न वो," म्हणून नाक मुरडायच्या, पण खिसा पुढे करायच्या. त्या निमित्ताने मी तुमच्या कपाळाला हात लावून बघायची. गरम लागलं तर त्या दिवशी जायचं नाही, असा माझा कायदा होता.

एकदा मी तुम्हाला विचारलं होतं, आठवतं? लोक म्हणतात मिशनवाले धर्म बदलायला लावतात, मग मला तुम्ही कधी काही म्हटलं कसं नाही? तुम्ही चप्पल झाडत होत्या. म्हणालात, "तू माह्यासंगं पानी घेऊन चालते न, मले लय झालं." मी हसण्यावारी नेलं.

आता त्या दिवसाचं लिहिते.

कोलामांच्या पोडावरच्या भीमा म्हातारीच्या क्षयाच्या गोळ्या संपल्या होत्या. नवीन गोळ्या सरकारी दवाखान्यातून दुपारी हातात आल्या आणि तुम्ही लगेच टोपी घेतली. टेकडीवरची ती वस्ती, वाटेत सावली नाही. मी म्हटलं, "मिससाहेब, ऊन उतरू द्या न जी. चार वाजता जाऊ."

"एक दिवस चुकला तर तिची सवय मोडते. तिले मंग कोन देईल?"

"आन् तुमाले काही झालं तं?"

"तू काहून माह्यावर हुकूम चालवून राह्यली? घरात बस तू!"

आपल्या दवाखान्यात आठ-दहा बाया बसलेल्या. त्यांच्यासमोर बोललात. माझ्या डोक्यात तिडीक गेली आणि मी बोलून बसले, "तुमी बाहेरच्या! तुमाले इथलं ऊन काय समजते!"

एक्कावन्न वर्षांनंतर, मिससाहेब. माझ्या तोंडून. तुम्ही माझ्याकडे एकदा बघितलंत आणि आत गेलात. मी मागच्या पडवीत जाऊन पाठ करून बसले. फाटक वाजलं ते ऐकलं. तरी उठले नाही.

शेळ्या चारणाऱ्या बायांना तुम्ही नाल्याजवळ मोहाच्या झाडाला टेकून बसलेल्या दिसल्या. ऑटोत घालून पांढरकवड्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. मी पोचले तेव्हा तुमचं अंग तव्यासारखं तापलं होतं आणि तुम्ही डोळे उघडत नव्हत्या. मी कानाशी किती हाका मारल्या! ऐकू आल्या का? दिवस मावळायच्या आत तुम्ही गेलात.

दफनाच्या वेळी पाळकसाहेब म्हणाले, घरच्या माणसाने पहिली माती द्यावी. तुमच्या देशातून कुणी येऊ शकलं नव्हतं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. ज्या तोंडाने बाहेरची म्हटलं, ते तोंड घेऊन मी कशी पुढे येणार? मी बायांच्या मागे सरकले. शेवटी पाळकसाहेबांनीच माती दिली. मी मूठभरही टाकली नाही.

आणि गोळ्या? तुमची पिशवी त्या दवाखान्यातून आणली आणि खुंटीला अडकवली. पिशवीकडे बघवत नव्हतं म्हणून महिनाभर हात लावला नाही. भीमाच्या गोळ्या आतच राहिल्या. आठवण झाली तेव्हा धावत गेले, तर भीमा गोळी घ्यायला तयार नव्हती. पावसाळ्यात ती गेली. ज्या गोळ्यांसाठी तुम्ही जीव दिलात, त्या माझ्या खुंटीला लटकत होत्या. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

हे अकरा महिने मी एकच गोष्ट उगाळत होते. रागाच्या भरात मी त्या दिवशी कांदा दिला नाही. दिला असता तर मिससाहेब वाचल्या असत्या. तांड्यावरच्या बायाही तेच म्हणायच्या आणि मी मान हलवायची.

काल झग्याच्या खिशात हात घातला तर कांदा होता. वाळून सुपारीएवढा झालेला. मी दिला नव्हता, मग तुम्हीच स्वयंपाकघरातल्या टोपलीतून घेतला असणार. फाटकाबाहेर पडण्याआधी. बहुतेक मला शोधायलाही आला असाल आणि मी पाठ करून बसले होते.

मिससाहेब, मी तुम्हाला बाहेरची म्हटलं आणि तुम्ही इथल्या बाईसारखा खिशात कांदा घालून निघालात. यावर मी किती रडले, विचारू नका. पण रडून झाल्यावर दुसरं कळलं, ते फार वाईट होतं. कांदा तर होता. तरी तुम्ही गेलात. पाणी नव्हतं, कारण पाण्याची कॅन मी आणायची असायची. कपाळाला हात लावायला कुणी नव्हतं. अकरा महिने मी कांद्यावर ढकललं, कारण ते सोपं होतं. तुमच्यासंगं चालायचं एवढंच माझं काम होतं आणि त्या दिवशी मी चालले नाही.

मला माफ करा असं लिहिणार होते. तुम्ही लगेच केलं असतं, म्हणून मागत नाही.

भीमाची सून खोकते आहे. परवा तपासणीत तेच निघालं. तिच्या गोळ्या माझ्याकडे आल्या आहेत आणि यावेळी खुंटीला अडकवलेल्या नाहीत, उशाशी आहेत.

उद्या उजाडताच निघते. आधी दफनभूमीत तुमच्याकडे येईन आणि राहिलेली माती देईन. मग पोडावर जाऊन तिला समोर बसवून गोळी गिळायला लावीन. पुरे सहा महिने, एकही दिवस न चुकवता, तुम्ही लावायच्या तशी. ऊन असो की पाऊस, कॅन भरलेली असेल.

तुमच्या घरची,
शेवंता