माझ्या नावाची फेज

२ जून
फेलोशिप महिनाअखेर संपतेय. गाइड मॅडम म्हणाल्या, काहीतरी नवीन दाखव, तरच मुदतवाढीवर सही. दाखवू की! चार वर्षं काय झोपा काढल्या? (थोड्या काढल्या.) उद्यापासून सातच्या ठोक्याला लॅब.
दुसरा संकल्प केसांचा. आरशात टाळू दिसली. तेल आणलंय. बायको म्हणते, उशीर झाला. तिला विज्ञान कळत नाही.

३ जून, सकाळी दहा
सातला उठलो, हेही काही कमी नाही. तेल जिरायला वेळ लागतो.
प्रयोग तोच. उथळ ट्रेमध्ये पाणी, त्यावर दुधातल्या प्रोटीनचा पातळ थर. दोन पट्ट्या त्याला दोन्हीकडून दाबत आणतात. दाब वाढतो, ग्राफ चढतो. रोज तसाच चढतो मेला.

५ जून
ट्रेजवळ टोपी घालायचा नियम आहे. पण बाटलीवर लिहिलंय, टाळूला मोकळी हवा हवी. टोपी बंद. विचार करताना डोकं खाजवायलाही बरं पडतं.

६ जून
सापडलं!! ग्राफ मध्येच सपाट! पट्ट्या दाबतायत, दाब ढिम्म हलत नाही. म्हणजे थर रूप बदलतोय. नवी फेज, पदार्थाची नवी अवस्था! आईला फोन केला. तिने विचारलं, म्हणजे नोकरी लागली का?

९ जून
पुन्हा आली. मी स्वतः वाकून लक्ष घातलं की येते. ज्युनियरने केलं तर येत नाही. बिचारी. याला हातगुण लागतो.
फेजला माझं आडनाव द्यायचं. मात्र ते मॅडमनीच सुचवावं, आपण होऊन बोलणं बरं दिसत नाही.

१२ जून
मॅडमनी विचारलं, नुसत्या पाण्यावर करून पाहिलंस का? नुसत्या पाण्यात काय बघायचं? पण मोठ्यांचं मन मोडू नये. उद्या सगळ्यांसमोर करतो. खास दिवस, म्हणून दुप्पट तेल.

१३ जून, दुपार
नुसतं पाणी. प्रोटीनचा कणही नाही. तरी फेज आली, चांगली ठसठशीत. मी म्हणालो, पाण्याचीही असेल एखादी. मॅडम जवळ आल्या, माझ्या डोक्याचा वास घेतला आणि विचारलं, तेल कुठलं?
धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

३० जून
सही झाली. तीन महिने मुदत, सगळं पहिल्यापासून, टोपी घालून. ट्रेमधलं तेल घासून हात गेले. केस आले नाहीत.
आज ज्युनियरच्या पाण्यावर कसलासा तवंग दिसला, तर ती माझं आडनाव घेऊन ओरडली. मी धावत गेलो. मला बोलावलंच नव्हतं. लॅबमध्ये पाण्यावरच्या घाणीला आता हेच म्हणतात.
मॅडमनीच सुचवलं म्हणे.